प्रोसेसर ओव्हरक्लॉक करताना व्होल्टेज किती आणि तापमान किती: नवख्यांसाठी पायरीपायरीने

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं. ते नव्याने शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण एक प्रश्न विचारतो. "तापमान तर सत्तरच दिसतंय, मग व्होल्टेज अजून थोडं वाढवलं तर काय बिघडलं?" या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं की निम्मं काम झालं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

तापमान आणि व्होल्टेज हे दोन वेगवेगळे धोके आहेत. प्रोसेसर तापला तर तो ते लपवत नाही. ठरलेल्या मर्यादेला पोचला की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो, तरीही तापत राहिला तर कॉम्प्युटर बंद करून टाकतो. ही राखण त्याच्या सिलिकॉनमध्येच बसवलेली असते. व्होल्टेजला मात्र, एकदा आपण हाताने आकडा बसवला की, असा राखणदार फारसा उरत नाही. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, १.४५ टाकलंत तर १.४५ मिळतं. गेम चालतो, तापमान ठीक दिसतं, आणि आत झीज सुरू झालेली असते. तिचा आवाज येत नाही, वास येत नाही, कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये ती दिसत नाही.

झीज म्हणजे नेमकं काय? प्रोसेसरच्या आत ट्रान्झिस्टरना जोडणाऱ्या धातूच्या अतिसूक्ष्म तारा असतात. त्यांतून दाट प्रवाह गेला की इलेक्ट्रॉन धातूच्या अणूंना हळूहळू पुढे ढकलतात. एका जागी तार बारीक होते, दुसरीकडे धातू साचतो. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. मोटोरोलात काम करणाऱ्या जेम्स ब्लॅक यांनी १९६९ साली या झिजेचं समीकरण मांडलं. प्रवाहाची घनता वाढली की तारेचं आयुष्य झपाट्याने घटतं, आणि तापमान वाढलं की त्याहून झपाट्याने. याशिवाय ट्रान्झिस्टरमधला इन्सुलेशनचा पातळ थरही जास्त व्होल्टेजने थकतो. म्हणजे ७० अंशांना १.४५ व्होल्ट "थंड" वाटले तरी ते निरुपद्रवी नसतात.

हे पुस्तकातलं भय नाही. २००२ साली आलेल्या पेंटियम ४ च्या नॉर्थवूड प्रोसेसरना साधारण १.५ व्होल्ट लागत. हौशी लोकांनी चांगले कूलर लावून ते १.७ च्या वर नेले, तापमानही आटोक्यात ठेवलं, आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ते प्रोसेसर अचानक मेले. इतके मेले की त्या प्रकाराला 'सडन नॉर्थवूड डेथ सिंड्रोम' असं नाव पडलं. अगदी अलीकडे, २०२४ मध्ये, इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले डेस्कटॉप प्रोसेसर ओव्हरक्लॉक न करताही अस्थिर होऊ लागले. चढं व्होल्टेज आणि तापमान यांनी आतल्या क्लॉकच्या सर्किटची झीज होत होती. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना, त्या बायोसमधून बदलतात) देऊन १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २०२३ मध्ये, एएमडीचे काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले. मेमरीचं जास्त वेगाचं प्रोफाइल चालू करताच काही मदरबोर्ड एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी सांभाळणाऱ्या भागाचं व्होल्टेज) फार वर नेत होते. त्यानंतर एएमडीने ते १.३ व्होल्टवर बांधून टाकलं.

या तिन्ही गोष्टींत व्होल्टेज सामाईक आहे. म्हणून माझा क्रम ठरलेला: आधी व्होल्टेजची रेघ आखायची, मग तापमानाची, आणि या दोन रेघांच्या आत जितका वेग बसेल तितकाच घ्यायचा. वेग आधी ठरवून त्याला लागेल ते व्होल्टेज देत सुटणं हा उलटा रस्ता आहे.

सुरू करण्याआधी: आपल्याकडे काय आहे ते बघा

इंटेलमध्ये नावाच्या शेवटी 'के' असलेले प्रोसेसर उघडे असतात, म्हणजे त्यांचा वेग आपल्याला वाढवता येतो, आणि त्यांचा मल्टिप्लायर (बेस क्लॉकला ज्या आकड्याने गुणून वेग येतो तो) वाढवायला 'झेड' मालिकेचा मदरबोर्ड लागतो, उदाहरणार्थ झेड६९० किंवा झेड७९०. बी६६० वर 'के' प्रोसेसर बसतो, चालतो, पण कोअरचा मल्टिप्लायर वाढत नाही. एएमडीत बहुतेक रायझन उघडे आहेत. बी४५०, बी५५०, बी६५० आणि एक्स मालिकेचे बोर्ड चालतात, ए३२० आणि ए५२० चालत नाहीत. रायझन ७ ५८००एक्स३डी चा मल्टिप्लायर बंद आहे. त्याच्यामागे लागू नका.

इंटेलच्या 'के' प्रोसेसरबरोबर कूलर येतच नाही. रायझन ५ ५६००एक्स बरोबर येतो तो छोटा कूलर मूळ वेगापुरता आहे. ओव्हरक्लॉक करायचा तर १२० मिलिमीटर पंख्याचा चांगला टॉवर कूलर किंवा २४० मिलिमीटर रेडिएटरचा लिक्विड कूलर धरून चाला. मदरबोर्डच्या व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर, हीटसिंक आहे का तेही बघा. उघड्या व्हीआरएमचा स्वस्त बोर्ड असेल तर हा उद्योग करू नका, असं मी स्पष्ट सांगतो.

आणखी दोन गोष्टी. इंटेल असो वा एएमडी, ओव्हरक्लॉकमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत. आणि अस्थिर प्रोसेसर फायली खराब करतो, गुपचूप करतो. फोटो, प्रोजेक्ट, हिशेब, जे काही हरवून चालणार नाही त्याची कॉपी आधी दुसऱ्या डिस्कवर घ्या. बायोस नवीन करून घ्या, पण ते करताना कॉम्प्युटर यूपीएसवर असू द्या. मध्येच वीज गेली तर बोर्ड दगड होऊन बसतो.

पहिली पायरी: मूळ वेगावरचे आकडे वहीत

खरोखरची वही घ्या. ओव्हरक्लॉक करताना कॉम्प्युटर दहा वेळा बंद पडणार, तेव्हा त्याच कॉम्प्युटरमधल्या नोंदी कामाच्या नाहीत.

एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाका आणि फक्त सेन्सरची खिडकी उघडा. सिनेबेंच आर२३ या चाचणीच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्व कोअरची दहा मिनिटांची चाचणी लावा. चाचणी संपताना पाच गोष्टी लिहा: खोलीचं तापमान, सर्वांत तापलेल्या कोअरचं तापमान, लोडखालचं व्हीकोअर (कोअरना मिळणारं व्होल्टेज), प्रोसेसर खात असलेले वॉट, आणि गुण. खोलीचं तापमान लिहायला लोक विसरतात. आपल्याकडे ते विसरून चालत नाही, कारण कूलर हवेपेक्षा थंड करू शकत नाही. हवा जितकी तापते, साधारण तितकाच प्रोसेसरही वर सरकतो. डिसेंबरमध्ये खोलीत २२ अंश असताना ७८ दाखवणारा प्रोसेसर मे महिन्यात खोली ४० वर गेली की ९६ दाखवेल. नागपूर, अकोला, चंद्रपूर या बाजूला राहणाऱ्यांनी परदेशातल्या हौशी मंडळींचे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. त्यांची खोली २१ अंशांची असते.

व्होल्टेज कुठलं वाचायचं? एचडब्ल्यूइन्फोत व्हीआयडी दिसतं आणि व्हीकोअरही दिसतं. व्हीआयडी म्हणजे प्रोसेसरने मागितलेलं, व्हीकोअर म्हणजे बोर्डाने मोजलेलं. आपल्याला व्हीकोअर हवं. काही बोर्ड ते सॉकेटपाशी मोजतात आणि लोडखाली खऱ्यापेक्षा जास्त दाखवतात. यादीत खाली 'व्हीआर व्हीआउट' असा आकडा सापडला तर त्यावर जास्त भरवसा ठेवा.

दुसरी पायरी: रेघा आखा

इथे मी माझ्या रेघा देतो. त्या कंपनीच्या नाहीत. वर्षानुवर्षं, रोज, उन्हाळ्यातसुद्धा चालवायच्या कॉम्प्युटरसाठी मी जिथे थांबतो तिथल्या आहेत.

इंटेलची बारावी पिढी, उदाहरणार्थ आय५-१२६००के: लोडखालचं व्हीकोअर १.३० पर्यंत आरामात, १.३५ ही शेवटची रेघ. रायझन ५०००, सर्व कोअर हाताने एकाच वेगावर बांधले तर: १.२५ पर्यंत आरामात, १.३० शेवट. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या इंटेलवर मी व्होल्टेज वाढवतच नाही. नवा मायक्रोकोड असलेलं बायोस टाकतो आणि जमलं तर व्होल्टेज थोडं कमीच करतो.

तुम्हाला कुणीतरी म्हणेल की इंटेलच्या डेटाशीटमध्ये १.५२ लिहिलंय. हो, आठव्या-नवव्या पिढीच्या डेटाशीटमध्ये तो आकडा आहे. पण तो प्रोसेसर मागू शकेल अशा व्होल्टेजच्या पट्ट्याचं टोक आहे. सर्व कोअर पूर्ण लोडवर असताना रात्रंदिवस एवढं द्या, असं त्याचा अर्थ सांगत नाही.

रायझनवाल्यांची फसगत वेगळ्या जागी होते. नवा रायझन लावला, काहीच बदललं नाही, तरी एचडब्ल्यूइन्फोत १.४५ दिसतं. मग मनात येतं, की कंपनीच १.४५ देते तर मी १.४० बांधलं तर काय झालं? फरक प्रवाहाचा आहे. ते १.४५ एखाद्या कोअरला क्षणभर धावताना मिळतं, तेव्हा एकूण प्रवाह थोडा असतो. सर्व कोअर एकदम कामाला लागले की प्रोसेसर स्वतः व्होल्टेज खूप खाली आणतो. हाताने १.४० बांधलंत की पूर्ण प्रवाहालाही १.४० मिळतं. ब्लॅक यांच्या समीकरणातला प्रवाह तो हाच.

तापमानाच्या रेघा प्रोसेसरप्रमाणे बदलतात. १२६००के १०० अंशांना वेग तोडतो, ५६००एक्स ९५ ला, ५८००एक्स ९० ला, ७८००एक्स३डी ८९ ला. आपली रेघ त्या मर्यादेच्या दहा-पंधरा अंश खाली धरा, तीही सर्वांत कडक चाचणीत. रोजच्या गेममध्ये ७५ ते ८० च्या आत असावं. एक्स३डी सोडून बाकीचे रायझन ७००० हा अपवाद आहे. चांगला कूलर असूनही तो जड कामात मुद्दाम ९५ पर्यंत जातो, कारण एएमडीने तो तसाच बनवला आहे. तिथे ९५ बघून घाबरू नका, पण हाताने व्होल्टेज वाढवायला जागा उरलेली नाही हेही समजून घ्या.

तिसरी पायरी: बायोसमध्ये

पुढचं उदाहरण आय५-१२६००के आणि झेड६९० बोर्डाचं. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा, प्रगत मोडमध्ये जा.

मेमरीचं एक्सएमपी प्रोफाइल (मेमरी जास्त वेगाने चालवणारं तयार सेटिंग) आत्ता बंद ठेवा. नाहीतर कॉम्प्युटर लटकला तर दोष प्रोसेसरचा की मेमरीचा, कळणार नाही. ई-कोअर (वीज वाचवणारे छोटे कोअर) आणि रिंग (कोअरना एकमेकांशी जोडणारा भाग) यांचा वेग जसा आहे तसा राहू द्या. पी-कोअरचा, म्हणजे मोठ्या वेगवान कोअरचा, मल्टिप्लायर सर्व कोअरसाठी ४७ करा. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ आहे, म्हणून ४७ म्हणजे ४.७ गिगाहर्ट्झ. मूळ वेगात सर्व पी-कोअर ४.५ वर चालतात, एकटा कोअर ४.९ पर्यंत जातो.

आता व्होल्टेज. ते 'ऑटो' वर सोडू नका. मल्टिप्लायर वाढवून व्होल्टेज ऑटोवर सोडलं की बोर्ड विचार करतो, काहीही करून चालू राहिलं पाहिजे, आणि भरमसाट व्होल्टेज देतो. मी पहिल्यांदा ओव्हरक्लॉक केला तेव्हा नेमकं हेच केलं होतं. वेग वाढवला, बाकी ऑटो. सुंदर चालला. मोठा कूलर होता, ७२ अंशांच्या वर जात नव्हता, म्हणून व्होल्टेजकडे मी पाहिलंच नाही. सात-आठ महिन्यांनी ब्लू स्क्रीन येऊ लागल्या तेव्हा बघितलं, तर बोर्ड लोडखाली १.४४ देत होता. वेग १०० ने खाली आणला, काही आठवडे बरं चाललं, पुन्हा तेच. पुढे जो वेग सुरुवातीला १.२८ ला सहज चालला असता, त्यालाही १.३५ पुरेना. त्या प्रोसेसरची वही मी ठेवलीच नव्हती.

तर, व्होल्टेज मोड 'मॅन्युअल' करा आणि १.२० टाका. टाकल्यावर एंटर दाबण्याआधी आकडा मोठ्याने वाचा: एक पूर्णांक दोन शून्य. हसू नका, १.२५ च्या जागी १.५२ टाइप होणं फार सोपं आहे. बऱ्याच बोर्डांत आकडा वर गेला की त्याचा रंग पिवळा, मग लाल होतो. रंग बदललेला दिसला की हात थांबवा. एफ१० दाबल्यावर बोर्ड बदलांची यादी दाखवतो, तीही ओळ न ओळ वाचा.

लोड-लाइन कॅलिब्रेशन नावाचं एक सेटिंग आहे, त्याला एलएलसी म्हणतात, आणि ते समजून घेणं गरजेचं आहे. लोड आला की व्होल्टेज थोडं खाली झुकतं. हा दोष नाही, मुद्दाम ठेवलेली रचना आहे. माझ्या वहीतली एक ओळ अशी: बायोसमध्ये १.२५, मोकळा असताना १.२४८, सिनेबेंच चालू होताच १.१९. एलएलसी वाढवलं की हा झोक कमी होतो. मग ते पूर्ण वाढवून झोक शून्यच का करू नये? कारण जड काम अचानक थांबतं तेव्हा व्होल्टेज क्षणभर वर उसळी मारतं, आणि कडक एलएलसीत ती उसळी मोठी असते. ती मायक्रोसेकंदांची असते, एचडब्ल्यूइन्फोला दिसत नाही, त्यासाठी ऑसिलोस्कोप लागतो. म्हणून मधली पातळी निवडा. इथे कंपनीप्रमाणे उलटसुलट आहे: असुसमध्ये मोठा आकडा म्हणजे जास्त कडक, एमएसआयमध्ये मोड १ सर्वांत कडक. गिगाबाइटमध्ये आकड्यांऐवजी लो, मीडियम, हाय, टर्बो अशी नावं आहेत. बायोसमध्ये शेजारी छोटा आलेख असतो, तो बघूनच ठरवा.

चौथी पायरी: एक पाऊल, एक चाचणी, एक ओळ

विंडोज सुरू झालं? दहा मिनिटं सिनेबेंच. चाललं तर वहीत ओळ लिहा आणि मल्टिप्लायर ४८. पुन्हा चाचणी. कुठेतरी सिनेबेंच बंद पडेल, विंडोज लटकेल किंवा निळी स्क्रीन येईल. यात काही मोडत नाही. व्होल्टेज कमी पडणं प्रोसेसरला इजा करत नाही, जास्त होणं करतं. तेव्हा ०.०१ किंवा फार तर ०.०२ व्होल्ट वाढवा आणि त्याच वेगावर पुन्हा तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. घाईत दोन बदललेल्या संध्याकाळी नेहमी वाया जातात.

कॉम्प्युटर सुरूच झाला नाही तर? बहुतेक बोर्ड दोन-तीनदा प्रयत्न करून स्वतः मूळ सेटिंगवर येतात. नाही आला तर वीज बंद करा, प्लग काढा आणि बोर्डावरच्या क्लिअर सीमॉसच्या (बायोसची सेटिंग पुसणाऱ्या) दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने काही सेकंद जोडा, किंवा नाण्यासारखी गोल सीआर२०३२ बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवा.

वर जाता जाता एक हिशेब डोक्यात राहू द्या. प्रोसेसरची वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ४.५ वरून ५.० वर जाणं म्हणजे वेग ११ टक्के जास्त. त्यासाठी १.१५ वरून १.३० व्होल्ट लागले, तर वीज जवळजवळ ४२ टक्के जास्त. तेवढीच उष्णता कूलरला बाहेर काढायची. आणि गेममध्ये हे ११ टक्के बहुधा पूर्ण उतरत नाहीत, कारण तिथे ग्राफिक्स कार्डही आड येतं. वहीत एका पानावर वॉट आणि गुण शेजारी शेजारी दिसले की कुठे थांबायचं ते आपोआप कळतं. शेवटच्या १०० मेगाहर्ट्झसाठी ०.०६ व्होल्ट लागत असतील तर ते १०० सोडून द्या. मी दरवेळी सोडतो.

दोन रेघांपैकी कुठलीही एक आली की चढाई संपली. तापमान ७० असलं तरी व्होल्टेज रेघेला लागलं असेल तर संपलीच. आणि व्होल्टेज १.२४ असलं तरी तापमान ९० ला गेलं असेल, तरीही संपली.

पाचवी पायरी: खरी परीक्षा

दहा मिनिटांचं सिनेबेंच म्हणजे फक्त प्रवेश परीक्षा. आता प्राइम९५ या सॉफ्टवेअरमध्ये 'स्मॉल एफएफटी' ही चाचणी लावा. ही चाचणी प्रोसेसरला कुठल्याही गेमपेक्षा जास्त तापवते, म्हणून पहिली पाच मिनिटं स्क्रीनसमोरून हलू नका. तापमान रेघ ओलांडत असेल तर लगेच थांबवा आणि ०.०२ व्होल्ट किंवा १०० मेगाहर्ट्झ खाली या. टिकलं तर एक तास चालू द्या. एखाद्या वर्करची (चाचणीच्या एका धाग्याची) खूण लाल झाली किंवा तो थांबला, तर हिशेब चुकला, म्हणजे व्होल्टेज कमी पडतंय. नंतर ओसीसीटी या चाचणीच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलत्या लोडची चाचणी घ्या, कारण एकसारख्या लोडवर टिकणारा प्रोसेसर लोड चढउतार होताना पडू शकतो.

मग विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टिमच्या नोंदींत 'व्हीया लॉगर' (WHEA-Logger) शोधा. प्रोसेसर स्वतःच्या चुका सुधारतो तेव्हा त्याची नोंद तिथे पडते. स्क्रीनवर सगळं सुरळीत आणि तिथे पिवळ्या त्रिकोणांची रांग, असं असेल तर तो ओव्हरक्लॉक स्थिर नाही.

सगळं पार पडलं की मी एक पाऊल मागे घेतो. ५.० स्थिर सापडलं असेल तर ४.९ वर रोज चालवतो, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेतून व्होल्टेज आणखी थोडं कमी करतो. स्थिर झाल्यावर व्होल्टेज मोड मॅन्युअलवरून 'ॲडॅप्टिव्ह' करा, म्हणजे ब्राउझर वाचत बसलेले असताना प्रोसेसर कमी व्होल्टेजवर विसावेल. मोड बदलला की लोडखालचा आकडा पुन्हा वाचा. तोच आकडा टाकूनही प्रत्यक्षात वेगळं व्होल्टेज येतं, हे मी अनेकदा पाहिलंय.

रायझन असेल तर हा रस्ता धरा

५६००एक्स सारख्या प्रोसेसरवर सर्व कोअर हाताने बांधणं बहुतेकांसाठी तोट्याचं आहे. एकट्या कोअरची ४.६ ची धाव हातची जाते आणि व्होल्टेजचा धोका अंगावर येतो. त्याऐवजी बायोसमध्ये प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह (प्रोसेसरला स्वतःच वेग वाढवू देणारं एएमडीचं सेटिंग) चालू करा आणि त्याच्या आतला कर्व्ह ऑप्टिमायझर वापरा. हा मूळ व्होल्टेजची वक्ररेषाच थोडी खाली सरकवतो. उणे १ म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी. कमी व्होल्टेजमुळे कमी उष्णता, आणि त्या वाचलेल्या जागेत प्रोसेसर स्वतःच जास्त वेग घेतो. राखणदार जागा राहतो, हे मला यात सर्वांत आवडतं.

सर्व कोअरना उणे १० पासून सुरुवात करा, मग १५, मग २०. प्रत्येक कोअर वेगळा असतो. एचडब्ल्यूइन्फोत जो कोअर सर्वोत्तम म्हणून दाखवला जातो, तोच बहुधा सर्वांत कमी उणे सोसतो, कारण त्याला कारखान्यातच नेमकं जोखलेलं असतं. गंमत अशी की इथला बिघाड जड कामात दिसत नाही. प्राइम९५ तासभर चालतं आणि रात्री नुसतं गाणं लागलेलं असताना कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. म्हणून एकेका कोअरला आळीपाळीने पळवणारं कोअरसायकलर वापरा, रात्रभर लावून ठेवा. जो कोअर चुकेल त्याचा उणे आकडा ३ ते ५ ने शून्याकडे आणा, उदाहरणार्थ उणे २० चा उणे १५. पॉवरच्या मर्यादा लगेच उघडू नका. ५६००एक्स ची मूळ मर्यादा ७६ वॉट आहे, ती १०० च्या आसपास नेली तरी चांगल्या टॉवर कूलरला झेपते.

वेग वाढलेला दिसतो पण गुण कमी झाले, असं झालं तर एचडब्ल्यूइन्फोत 'इफेक्टिव्ह क्लॉक' बघा. व्होल्टेज अपुरं पडलं की रायझन दाखवतो एक वेग आणि धावतो दुसऱ्याच वेगाने.

मेमरी सर्वांत शेवटी

प्रोसेसर स्थिर झाल्यावरच एक्सएमपी किंवा एक्स्पो (एएमडीचं तसंच प्रोफाइल) चालू करा, आणि लगेच एचडब्ल्यूइन्फोत बघा की बोर्डाने मागच्या दाराने आणखी कुठलं व्होल्टेज वाढवलं. डीडीआर४ मेमरीला १.२० वरून १.३५ होणं ठरलेलंच आहे. पण रायझनचं एसओसी व्होल्टेज आणि इंटेलचं सिस्टिम एजंट व्होल्टेज (तेही मेमरी सांभाळणाऱ्या भागाचंच) ऑटोमध्ये चढतात. एएम४ सॉकेटवर (रायझन ५०००) एसओसी १.१५ च्या आत ठेवतो, एएम५ वर (रायझन ७०००) १.३० च्या वर कधीही नाही आणि जमेल तितकं खाली. इंटेलच्या बाराव्या पिढीत सिस्टिम एजंट १.२५ च्या आत. मग मेमरी तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ च्या चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या. एकही चूक चालत नाही.

पुढे वर्षभर

थंडीत बसवलेला ओव्हरक्लॉक एप्रिलमध्ये पुन्हा तपासावा लागतो. होळी झाली की मी कॅबिनेट उघडतो, फिल्टर आणि कूलरच्या पात्यांमधली धूळ ब्लोअरने काढतो. तेव्हा पंखा बोटाने धरून ठेवायचा, मोकळा गरगरू द्यायचा नाही. मग तीच दहा मिनिटांची चाचणी, तेच पाच आकडे, शेजारच्या रकान्यात. खोलीच्या तापमानातला फरक वजा केल्यावरही प्रोसेसर पाच-सात अंश जास्त दाखवत असेल तर थर्मल पेस्ट सुकली आहे किंवा कूलर सैल झालाय. अशा वेळी पंखे वाढवत बसू नका, कूलर काढून पेस्ट नवी लावा.

आणि तापमान तेच, खोली तीच, पण गेल्या वर्षी १.२४ ला स्थिर असलेला वेग आता १.२६ मागतोय, असं झालं तर व्होल्टेज वाढवू नका. ही झीज आहे, आणि तिच्यावर जास्त व्होल्टेजचा उतारा दिला की तीच आणखी वेगाने वाढते. १०० किंवा २०० मेगाहर्ट्झ खाली या, व्होल्टेज १.२० च्या आसपास आणा. १.४४ व्होल्ट खाल्लेला माझा तो पहिला प्रोसेसर मी शेवटी असाच खाली आणत आणत मूळ वेगावर नेऊन ठेवला. आज तो बहिणीच्या घरी दुकानाच्या हिशेबाच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. त्याची वही आता आहे, कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलेली, आणि पहिल्या ओळीत त्याचं लोडखालचं व्होल्टेज लिहिलेलं आहे.